बाबांच्या अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था ह्या अंत्यविधी सेवेच्या लोकांनी केली, सविस्तर अनुभव

पहिला फोन केला तेव्हा पॅकेज, रेट असलं काहीही न बोलता समोरच्या ताईंनी आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला वाटतं ह्यांची खरी सर्व्हिस तीच आहे, बाकी गाडी आणि फुलं काय कोणीही आणून देतं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून दिलंय का, दहन करायचंय की दफन, बाहेरून कोणी यायचंय का आणि त्यांना पोचायला किती वेळ लागेल, नेत्रदानाची इच्छा होती का, आणि शेवटी, पेसमेकर आहे का?

बाबांना पेसमेकर होता आणि त्याचा काही संबंध असेल हे आमच्या कोणाच्या डोक्यातही नव्हतं. दहनाच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते, दाहिनीचं नुकसान होतं, तिथे काम करणाऱ्या माणसाला इजा होऊ शकते, म्हणून तो आधी काढावाच लागतो. ताईंनी स्वतः हॉस्पिटलशी बोलून तो काढून घ्यायला लावला, आम्हाला फक्त एका फॉर्मवर सही करावी लागली. हे ऐनवेळी, सगळे नातेवाईक जमल्यावर कळलं असतं तर काय गोंधळ झाला असता विचार करा.

नेत्रदानाचंही तसंच. ६ तासांच्या आत व्हायला हवं, तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच राहू द्या, हे सगळं फोनवरच सांगितलं आणि नेत्रपेढीला कळवायचं कामही त्यांनीच केलं. बाबांची इच्छा होती, ती पूर्ण झाली, त्यासाठी मी ह्या लोकांची आयुष्यभर ऋणी राहीन.

त्याच्या आधी आम्ही आणखी एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथे एम्बामिंग (शरीर टिकावं म्हणून आत रसायनं भरणं) करावंच लागतं म्हणून आधी त्याचेच पैसे भरायला सांगत होते. ह्यांनी स्पष्ट सांगितलं की दोन दिवसांचा प्रश्न असेल तर शवागारात २ ते ४ अंशांवर ठेवलं तरी पुरतं, एम्बामिंग लागतं ते विमानाने न्यायचं असेल नाहीतर बरेच दिवस थांबायचं असेल तर. स्वतःचं बिल कमी होईल असा सल्ला आजकाल कोण देतं हो?

दुसऱ्या दिवशी बाबांना तयार करायला दोघंजण आले. एवढ्या हळुवारपणे की बघत राहावं. दाढीचे खुंट वाढल्यासारखे दिसत होते, मी घाबरूनच विचारलं तर त्यातल्या मोठ्या माणसाने समजावलं की केस वाढत नाहीत ताई, त्वचा सुकून आत ओढली जाते म्हणून तसं दिसतं, मग क्रीम लावून हलक्या हाताने दाढी केली. नंतर कंगवा हातात घेऊन थांबला आणि भांग कुठल्या बाजूला पाडायचा म्हणून विचारलं. आईने पुढे होऊन दाखवलं, आणि त्याने कंगवा तिच्याच हातात दिला.

कागदपत्रांबद्दल वेगळं लिहायलाच हवं कारण नंतरचे महिने त्यातच जातात. नोंदणीचा फॉर्म जमा करायच्या आधी त्यांनी बाबांच्या ओळखपत्रावरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून बघायला लावलं, आणि डेथ सर्टिफिकेटच्या जास्तीच्या कॉप्या तेव्हाच मागून घ्या म्हणाले, कारण बँक, इन्शुरन्स, पेन्शन, प्रॉपर्टी सगळीकडे ते लागतं आणि एका ठिकाणी अडकलं की बाकी कामं थांबतात. खर्चाची यादी लेखी मिळाली, प्रत्येक गोष्टीचा आकडा वेगळा, नको ते खोडा म्हणून पेन पुढे केलं. आम्ही शोभेच्या दोन-तीन गोष्टी खोडल्या, कोणी तोंड वाकडं केलं नाही.

दहनाच्या वेळी काय होणार, साधारण दीड-दोन तास लागतील, नंबर असलेला धातूचा बिल्ला शेवटपर्यंत बाबांबरोबरच राहील त्यामुळे अस्थींची अदलाबदल होत नाही, हे न विचारता सांगितलं. अस्थींचं वजन दोन-तीन किलो भरतं तेव्हा घ्यायला येणाऱ्याने तयारीने यावं हेसुद्धा. ऐकायला कठोर वाटेल पण मला त्याने धीर आला, माहीत नसण्याचीच जास्त भीती वाटत होती.

आता एक स्टार का कापला ते. शववाहिका बरीच उशिरा आली आणि उशीर होतोय हे कळवायला फोन आला नाही, आम्हीच करत बसलो, आई दारात उभी होती आणि आत-बाहेर करणारी माणसं सारखी कधी निघायचं विचारत होती. एरवी इतकं सांभाळून घेणाऱ्यांनी एवढं कळवायला हवं होतं. आणि लाइव्ह व्हिडिओ! माझ्या मोठ्या बहिणीची तब्येत अशी की प्रवास शक्यच नव्हता, तिच्यासाठी खास मागितला होता, चित्र नीट दिसलं पण आवाज जवळपास नव्हताच, काका बाबांबद्दल जे बोलले ते तिला ऐकताच आलं नाही. त्याचे पैसे त्यांनी स्वतःहून परत केले, तरी ते बोलणं काही परत मिळणार नाही. तुमच्याकडे कोणी लांबून बघणार असेल तर बोलणाऱ्याच्या जवळ घरातल्याच कोणाचा तरी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा, ह्यांच्या कॅमेऱ्यावर अवलंबून राहू नका. बाकी सगळ्यासाठी बिनधास्त फोन करा, आणि हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच करा.