जैविक वयाची चाचणी: पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

ठाण्यात सकाळी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या पॅकेजमध्ये हल्ली ‘जैविक वय’, म्हणजे शरीर किती वयाचं झालंय याचा अंदाज, अशी एक ओळ दिसू लागली आहे. रिपोर्टच्या शेवटी ठळक आकडा असतो: खरं वय ५२, जैविक वय ५८. वाचणारा हबकतो, आणि पुढच्याच पानावर गोळ्या-पावडरी सुचवलेल्या असल्या तर त्या घेऊनही टाकतो. हे परीक्षण एका लॅबचं नाही, या सेवेचंच आहे. आमचं मत असं की यातल्या तपासण्या जरूर कराव्यात, पण त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

साध्या रक्ततपासण्यांवरून हा आकडा काढायचं सर्वांत परिचित सूत्र म्हणजे फीनोएज. मॉर्गन लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी ते २०१८ मध्ये मांडलं, अमेरिकेतल्या आरोग्य सर्वेक्षणातल्या लोकांच्या मृत्यूच्या नोंदींवरून. त्यात खऱ्या वयाच्या जोडीला नऊ मोजमापं लागतात: अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण), ग्लुकोज, सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण), लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची टक्केवारी, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू (त्या आकारातली विषमता), अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृत आणि हाडांशी संबंधित एक एन्झाइम) आणि एकूण पांढऱ्या पेशी. म्हणजे सीबीसी, उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन, लिव्हर प्रोफाइल आणि एचएस-सीआरपी. नौपाड्यातली साधी लॅबही एवढं करून देते. सूत्र उघड आहे, एक्सेलमध्ये सहज बसतं. सीआरपी मात्र ‘एचएस’च, म्हणजे बारीक मोजणारी चाचणीच सांगा. साध्या चाचणीत नुसतं ‘५ पेक्षा कमी’ असं छापून येतं आणि त्यावर गणित होत नाही.

गणितात चुका होतात त्या एककांच्या. सूत्राची एककं आपल्या रिपोर्टपेक्षा वेगळी आहेत, म्हणून आपल्याकडचा अल्ब्युमिनचा आकडा १० ने, क्रिएटिनिनचा ८८.४ ने गुणायचा, साखरेला १८ ने भागायचं. सीआरपी रिपोर्टमध्ये मिलिग्रॅम प्रति लिटर असतो, सूत्राला तो प्रति डेसिलिटर लागतो, म्हणून १० ने भागायचा. हे राहिलं तर वय फुकट जवळपास अडीच वर्षांनी वाढतं. आरडीडब्ल्यूचे दोन आकडे छापलेले असतात. त्यातला सीव्ही घ्यायचा, एसडी नाही.

आता नमुन्याबद्दल, कारण घरपोच सेवेची खरी परीक्षा इथे होते. कासारवडवलीला सात वाजता घेतलेलं रक्त घोडबंदर रोडच्या कोंडीतून, आणखी चार घरं करत लॅबला पोचेपर्यंत दहा-अकरा सहज वाजतात. तोवर ट्यूबमधल्या पेशी साखर खात असतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, उकाड्यात त्याहून जास्त. १०० ची साखर तीन तासांत ८५ वर आली तर सूत्र तुम्हाला पावणेदोन वर्षांनी तरुण ठरवतं. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, पेशींचं साखर खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडची ट्यूब वेगळी घेतली जाते का, ते समोर पाहून घ्या. ट्यूबचा क्रमही पाहा: आधी पिवळं टोपण, मग जांभळं, शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पिवळ्या ट्यूबमध्ये गेलं तर अल्कलाइन फॉस्फेटेज खोटंच खाली येतं. दंडावरचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळलेला राहिला तर अल्ब्युमिन वाढलेलं दिसतं, आणि वय पुन्हा कमी. फेरीतला शेवटचा स्लॉट घ्यावा, म्हणजे रक्त वाटेत कमी वेळ राहतं, किंवा सरळ लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो.

एवढं सगळं नीट झालं तरी आपल्या लोकांत हा आकडा एका गोष्टीने सर्वांत जास्त हलतो, आणि रिपोर्टमध्ये तिच्यावर सहसा एक शब्दही नसतो. ती म्हणजे आरडीडब्ल्यू, लाल पेशींच्या आकारातली विषमता. ती १३ वरून १६ झाली की फीनोएज सुमारे ११ वर्षांनी चढतं. लोहाच्या कमतरतेत आणि बी१२ च्या कमतरतेत ती हमखास वाढते, आणि हे दोन्ही आपल्याकडे घरोघरी आहे. लोह कमी असलं की एमसीव्ही उतरतं, त्यामुळे वाढलेल्या वर्षांतली चार-पाच कमी होतात. बी१२ कमी असलं की एमसीव्ही चढतं आणि वय आणखी वाढतं. दोन्ही कमी असली तर एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसू शकतं. अशा बाईला ‘तुमचं शरीर आठ वर्षं म्हातारं’ असं सांगणं हा अन्याय आहे. तिला फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ तपासायला सांगायला हवं. शिवाय उपचार सुरू झाल्यावर नव्या-जुन्या पेशी एकत्र असतात, तेव्हा आरडीडब्ल्यू काही आठवडे उलट वाढतं. लाल पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. त्याआधी पुन्हा चाचणी करून घाबरण्यात किंवा खूश होण्यात अर्थ नाही.

उलटं उदाहरण थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या, लाल पेशी लहान ठेवणाऱ्या रक्तदोषाचं. सिंधी समाजात याचं प्रमाण जास्त आहे, आणि उल्हासनगर आपल्या जिल्ह्यातच आहे. यात एमसीव्ही लहानपणापासूनच ६५ च्या आसपास असू शकतं. नुसत्या त्यामुळे वय सात वर्षांनी कमी निघतं. हे तारुण्य नव्हे. हा दोष ओळखणारी एचबीए२ ची चाचणी केलेली नसेल तर ती आधी करावी, लग्नाच्या वयातल्या मुलामुलींनी तर नक्कीच.

थुंकी किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए मिथिलेशन (डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणा) मोजणारी महागडी किटंही मिळतात. त्यामागचं विज्ञान भक्कम आहे. अशा खुणांवरून वय काढणाऱ्या सूत्राला ‘घड्याळ’ म्हणतात. स्टीव्ह होर्व्हाथचं २०१३ चं घड्याळ डीएनएवरच्या ३५३ जागांवर चालतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्यांचा आयुष्यभर माग ठेवून बनवलेलं ड्युनेडिनपेस म्हातारपणाचा वेग मोजतं. कॅलरी (CALERIE) नावाच्या वैद्यकीय प्रयोगात लोकांनी दोन वर्षं जेवण सरासरी १२ टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा हा वेग २ ते ३ टक्क्यांनी मंदावला. हा परिणाम दोन गटांच्या सरासरीतला फरक आहे. एकट्या माणसाचा तोच नमुना दोनदा तपासला तर जुन्या घड्याळांत काही वर्षांचा फरक पडतो. तेव्हा सहा महिने सप्लिमेंट घेऊन ‘दोन वर्षं कमी झाली’ असं किट सांगत असेल, तर ती निव्वळ मोजणीतली चूकही असू शकते. घरगुती वापरासाठी हे किट आम्ही सुचवणार नाही.

रक्ताच्या तपासण्या वर्षातून एकदा, त्याच लॅबमध्ये कराव्यात. ताप, दाढदुखी किंवा डेंग्यू झाला असेल तर बरं झाल्यावर तीन आठवडे थांबावं. आदल्या दिवशी जिम आणि रात्री मटण टाळावं, क्रिएटिनिन वाढतं. बुकिंग करताना नऊच्या नऊ आकडे एककांसह रिपोर्टमध्ये मिळतील का, हे विचारा. फक्त ‘वय’ आणि रंगीत पट्टी देणारं पॅकेज घेऊ नका.