विल्सन ए२००० १७८६: हा बेसबॉल ग्लोव्ह शॉर्टस्टॉपसाठी घ्यावा का?

बेसबॉलमधला गाजलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ऑझी स्मिथ, त्याची सगळ्यात गाजलेली करामत ग्लोव्हशिवायची आहे. एप्रिल १९७८, सॅन डिएगो. बॅटर जेफ बरोजचा फटका अडवायला तो डावीकडे झेपावला, चेंडूनं भलतीच उसळी घेतली आणि ऑझीनं हवेतच तो उघड्या उजव्या हातात धरून पहिल्या बेसला फेकला. पण १९८० ते १९९२ सलग १३ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे वार्षिक पुरस्कार) नुसत्या अशा झेपांवर मिळत नाहीत. रोजचे साधे ग्राउंडर (जमिनीवरून येणारे फटके) उचलून वेळेत फेकावे लागतात. १७८६ त्या कामाचा ग्लोव्ह आहे.

माप साडेअकरा इंच: तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून (चेंडू झेलायच्या खळग्यातून) टाचेपर्यंत, म्हणजे ग्लोव्हच्या खालच्या कडेपर्यंत. बॅटर पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट चार-साडेचार सेकंदांत पळतो, त्यामुळे चेंडू ग्लोव्हमध्ये रुतून चालत नाही. इथलं पॉकेट उथळ आणि पसरट आहे, हात घातला की चेंडू लगेच बोटांना लागतो. पिचरचा (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचा) १२ इंची खोल ग्लोव्ह घेऊन शॉर्टस्टॉपला उभं राहिलं की चेंडू शोधण्यातच धावपटू पोचतो. एच-वेब (अंगठा आणि तर्जनीमधली एच आकाराची चामडी जाळी) मोकळं असल्यामुळे माती खाली गळते, आणि झेप घेताना टोकाला लागलेला चेंडूही बऱ्यापैकी अडकतो.

चामडं जाड आहे. हा गुणही आहे आणि डोकेदुखीही. आकार वर्षानुवर्षं टिकतो, पण नवा ग्लोव्ह फळीसारखा असतो. वेब आणि बिजागरीच्या जागी (अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी) थोडं गरम पाणी ओता, उकळतं नको. मग त्या दोन्ही जागा उलटसुलट वाकवा, पॉकेट लाकडी हातोडीनं ठोका आणि सावलीत वाळू द्या. त्यानंतर रोज झेल. ओव्हन किंवा मायक्रोवेव्हचे व्हिडिओ पाहून तसं करू नका: चामड्यातलं तेल जातं, वाद्या कडक होतात आणि ऐन सामन्यात तुटतात. तेल चोपडणं हीसुद्धा चूकच, ग्लोव्ह जड आणि लिबलिबीत होतो. कंडिशनर फडक्यावर बोटभर घेऊन पातळ फिरवला की पुरे.

बारा वर्षांखालच्या मुलाला हा देऊ नये. मनगटाची जागा मोठी पडते आणि पंजा मिटत नाही. हात लहान असेल तर याच मालिकेतला डीपी१५ बघा, त्याचं तोंड अरुंद आहे. वजन नको असेल तर मागच्या बाजूला कृत्रिम सुपरस्किन असलेली आवृत्ती हलकी पडते, पाणीही कमी पिते.

ऑनलाइन मागवताना एक गोची नेहमीची. ‘राइट हँड थ्रो’ म्हणजे उजव्या हातानं फेकणाऱ्याचा, डाव्या हातात घालायचा ग्लोव्ह. विकेटकीपिंगच्या जोडीची सवय असलेले आपले लोक हमखास उलटा मागवतात. अमेरिकेत किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. भारतात मागवलात तर वाहतूक आणि आयातशुल्क वेगळं. पहिल्याच मोसमाला एवढे पैसे घालणं मला तरी पटत नाही.

सगळ्यात आधी जाते ती वेबची वादी. ढिली दिसली की लगेच ओढून गाठ मारा, आणि ३/१६ इंच रुंदीची एक जादा वादी बॅगेत ठेवा.