अल्टरनेटर गेला: खोलून दुरुस्त करावा, एक्सचेंज घ्यावा की नवा बसवावा?

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग. चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "अल्टरनेटर गेलाय, बदलावा लागेल." 'गेला' म्हणजे त्यातलं नेमकं काय गेलं, हे कळल्याशिवाय खिशात हात घालू नका. आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे शे-दोनशे रुपयांचे कार्बन ब्रश झिजले तरी तोच दिवा पेटतो आणि आतली कॉइल जळून काळी पडली तरी तोच. पहिल्या कामाला तासभर लागतो, दुसऱ्यात अख्खा अल्टरनेटर जातो.

खोलण्याआधी मीटर लावा

बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला की रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. इंजिन चालू असूनही १२.३, १२.१ असा उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर अडकलाय, म्हणजे वायरमन ज्याला अजून कटआउट म्हणतात तो. तसंच चालवत राहिलात तर बॅटरी उकळते आणि बल्ब एकामागून एक जातात.

आता मीटर एसी व्होल्टवर, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या खुणेवर करा, हेडलाइट लावा, इंजिन दोन हजार आरपीएमवर धरा. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड प्लेटमधला, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या भागातला, एखादा डायोड गेलाय. डायोड गळत असेल तर आणखी एक खूण मिळते. संध्याकाळी उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ मारत नाही आणि बॉनेट उघडून हात लावला तर थंड इंजिनाशेजारी अल्टरनेटर मात्र कोमट लागतो. रात्रभर बॅटरी त्यातूनच रिकामी होत असते.

वायर आणि अर्थही विसरू नका. इंजिन चालू, लाइट आणि ब्लोअर चालू ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरीत किंवा लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) आहे. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ च्या आत हवा. हिरवट बुरशी चढलेला लग घासून घट्ट केला आणि 'गेलेला' अल्टरनेटर परत आला, असं कोकणपट्टीतल्या गाड्यांत सर्रास घडतं.

चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढून बघण्याची पद्धत डायनामोच्या काळातली. आज ती कुणी तुमच्या गाडीवर करू लागला तर हात धरा. बॅटरी सुटल्याबरोबर व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटरसोबत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

आपलाच खोलून दुरुस्त करणं

बॉडी, रोटर (आतला फिरणारा भाग) आणि स्टेटर (भोवतालची स्थिर कॉइल) चांगले असतील तर आमचं मत पहिल्यांदा याच पर्यायाला. गाडीबरोबर आलेल्या युनिटच्या तांब्या-लोखंडाची बरोबरी बाजारातला स्वस्त नवा माल करत नाही. पण काय खराब झालंय, त्यावर सगळं अवलंबून.

ब्रश: नव्या ब्रशची बाहेर आलेली लांबी साधारण १० मिलिमीटरच्या वर असते, ५ च्या खाली आली की संपले समजा. दिवा पेटलेला असताना अल्टरनेटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि दिवा क्षणभर विझला, तर संशय ब्रशवरच घ्या. ब्रश बदलताना स्लिप रिंगवरून, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या रोटरवरच्या कड्यांवरून, नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नुसते ब्रश घालून उपयोग नाही, ते काही महिन्यांत पुन्हा झिजतील. खाच उथळ असेल तर लेथवर हलका हात मारून बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात. खोल असेल तर रिंग बदलतात, बऱ्याच मॉडेलच्या रिंग सुट्या मिळतात.

बेअरिंग: आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो. बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवली की बोटांना खरखर जाणवते. खूप गाड्यांत पुढचं ६३०३ आणि मागचं ६२०२ असतं, पण जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं आणि उष्णतेसाठी सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं मागा. दोन्ही एकदमच बदला. एकाचेच पैसे वाचवले तर मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडे काम देऊ नका, त्याची खरखर पहिल्या दिवसापासून सुरू होते.

कटआउट आणि डायोड प्लेट: दोन्ही सुटे मिळतात, फक्त प्लेट मूळच्याच अँपिअरची हवी. ९० अँपिअरच्या अल्टरनेटरला ६५ ची प्लेट बसते, चालते आणि मे महिन्यात एसी लावून घाट चढताना जाते. स्टेटरच्या तारा प्लेटला नीट डाग देऊन जोडायला दमदार सोल्डर गन लागते. अर्धवट तापवलेला डाग बाहेरून जोडलेला दिसतो आणि आतून सुटा असतो.

रोटर: दोन स्लिप रिंगांमध्ये मीटर लावला तर बारा व्होल्टच्या युनिटला साधारण २ ते ५ ओहम यायला हवेत. रिंग आणि शाफ्टमध्ये काहीही वाचन येता कामा नये. आलं, तर रोटर अर्थ झालाय, म्हणजे त्याची कॉइल आतल्या लोखंडाला चिकटलीय.

स्टेटर: इथे मीटर फसवतो. तारेचा रेझिस्टन्सच इतका कमी असतो की आतल्या आत चिकटलेले वेढे त्याला कळत नाहीत. नाक आणि डोळे वापरा. करपलेल्या वार्निशचा वास आला आणि तीनपैकी एकाच फेजच्या तारा काळ्या दिसल्या तर तो गेला. रिवाइंडिंग होतं, पण मूळ गेजची तार, तेवढेच वेढे आणि वार्निश लावून भट्टीत भाजणं, हे तिन्ही करणारे थोडे. शिवाय अनेक नव्या गाड्यांत गोल तारेऐवजी चौकोनी तांब्याच्या पट्ट्या वळवून बसवलेल्या असतात. त्या हाताने रिवाइंड होत नाहीत. स्टेटर जळाला असेल तर दुरुस्तीचा विचार आम्ही सहसा तिथेच सोडतो.

एक्सचेंजचा रिकंडिशन माल

जुना द्या, वर पैसे द्या, तयार अल्टरनेटर घेऊन जा. गाडी अर्ध्या दिवसात रस्त्यावर येते, हा याचा मोठा फायदा. टॅक्सी किंवा मालवाहू गाडी रोज कमावत असेल तर दोन दिवसांचा खोळंबा दुरुस्तीपेक्षा महाग पडतो.

अडचण अशी की 'रिकंडिशन' या शब्दाला काही माप नाही. कुणी ब्रश, दोन्ही बेअरिंग, कटआउट बदलून बेंचवर लोड देऊन तपासतो. कुणी रॉकेलने धुऊन चंदेरी रंग मारतो. बोल्टच्या डोक्यांवरही रंग असेल तर रंग शेवटी मारलाय एवढंच कळतं, आत काय झालं ते नाही. दुकानातच बेंचवर लावून दाखवायला सांगा. पूर्ण वेगाला, छापील अँपिअरच्या निदान पाऊण लोडवर १३.५ च्या वर टिकला तर घ्या. नुसतं बिनलोडचं १४ व्होल्ट दाखवून बोळवण करत असतील तर सोडा. कोणते भाग नवे घातले ते बिलावर लिहून घ्या. आणि तुमचा स्वतःचा जुना मूळ कंपनीचा आणि आतून धड असेल, तर तो देऊन अनोळखी बॉडी घरी आणणं तोट्याचं. त्यापेक्षा तोच दोन दिवस दुरुस्तीला ठेवा.

नवा

नव्यातही दोन जाती आहेत. गाडी कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकांचा, म्हणजे लुकास टीव्हीएस, बॉश, वॅलिओ, डेन्सो यांच्यासारख्यांचा अल्टरनेटर त्यांच्याच खोक्यात बहुधा शोरूमपेक्षा स्वस्त मिळतो. पुण्यात नाना पेठेत चार दुकानं फिरलात तर भावातला फरक कळेल. दुसरी जात बिननावाची. तिचा भाव रिकंडिशनइतकाच असतो, स्टेटरमधलं तांबं मात्र हलक्या हाताने घातलेलं. अशा 'नव्या'पेक्षा नीट दुरुस्त केलेला जुना आम्ही केव्हाही घेऊ.

नवा घेताना पुलीच्या खाचा मोजा, पुली किती आत-बाहेर आहे ते जुन्याशेजारी ठेवून बघा, प्लगच्या पिना आणि अँपिअर जुळवा. अँपिअर कमी चालणार नाही. पावसाळ्यात रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसीचा पंखा आणि इंजिनाचा स्वतःचा खर्च मिळून ४०-५० अँपिअर सहज होतात, आणि ट्रॅफिकमध्ये आयडलवर अल्टरनेटर छापलेल्या आकड्याच्या बराच खाली असतो.

भंगारातला

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जवळपास कुठल्याही गाडीचा मिळेल. अपघाती गाडीतला असेल तर चांगलाही निघतो. पण पाण्यात बुडालेल्या गाडीतला असू शकतो, म्हणून ब्रश होल्डर काढून आत बघितल्याशिवाय घेऊ नका. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा किंवा २०२१ चा चिपळूणचा, अशा पुराचा गाळ बेअरिंगच्या सीलमागे आणि रोटरच्या दातांत बसतो. धुऊन वाळवला तरी गंज आतून चालूच राहतो.

कुणी काय करावं

रोज घाटातून किंवा लांब जाणारी, अजून पाच-सहा वर्षं ठेवायची गाडी असेल आणि स्टेटर किंवा रोटर गेला असेल, तर नावाजलेला नवा घ्या. ब्रश, बेअरिंग, कटआउट एवढंच असेल तर आपलाच दुरुस्त करा, मग गाडी कितीही नवी असो. वर्षभरात विकायची असेल आणि काम मोठं निघालं, तर बेंचवर तपासलेला एक्सचेंज चालेल. दुरुस्तीचा एकूण आकडा नव्याच्या निम्म्यावर गेला की नव्याकडे वळा.

तीन प्रकारच्या गाड्या या हिशेबाबाहेर ठेवा. मारुतीच्या एसएचव्हीएससारख्या माइल्ड हायब्रिड गाड्या, जिथे तोच भाग इंजिन सुरूही करतो, त्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. ईसीयू ज्यांचं चार्जिंग ठरवतो, त्या गाड्यांत १२.८ हे वाचनही कधी कधी बरोबर असतं. आधी स्कॅनर लावा, मग निदान. आणि जुन्या सुमो-इंडिकासारख्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो. त्याचं सील गेलं की ऑइल आत येऊन ब्रश चिकटतात. तिथे सील न बदलता ब्रश बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. हाच पंप ब्रेकला जोर देतो, तेव्हा काम झाल्यावर ब्रेक पेडल दाबून बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

बसवताना

आधी बॅटरीचा मायनस काढा, मगच मागच्या बोल्टला पाना लावा. नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते आणि डायोड जातात. बेल्ट ऑइलने भिजलेला किंवा कडांना फाटलेला असेल तर आत्ताच बदला. जास्त ताणलेला बेल्ट नवं बेअरिंग खातो, सैल बेल्ट किंचाळतो आणि चार्जिंग पाडतो. काही गाड्यांच्या पुलीत फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने जोर देणारी यंत्रणा असते. इंजिन बंद करताना खडखड ऐकू येत असेल तर ती पुलीही त्याच वेळी बघा, ती काढायला दातेरी खास टूल लागतं.

पार उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरच्या गळ्यात मारू नका. ती आधी चार्जरवर पूर्ण भरा. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. मेलेली बॅटरी भरताना तो तासन्‌तास पूर्ण लोडवर तापतो आणि वॉरंटीत परत आलेल्या कित्येक नव्यांचं कारण हेच निघतं. इंजिन गरम झाल्यावर दोन वाचनं घ्या, एक सगळं बंद ठेवून आणि एक हेडलाइट, ब्लोअर, एसी चालू ठेवून. दुसरं १३.५ च्या खाली यायला नको. दोन्ही आकडे तारखेसह बिलाच्या मागे लिहून ठेवा, पुढच्या वेळी दिवा पेटला की तुलनेला तेच लागतील.