टेनिस: अख्ख्या मॅचवर पैसे लावायचे की एका सेटवर?

न्यू जर्सीतला माझा भाचा टेनिसवेडा आहे. तिथल्या प्रेडिक्शन मार्केटमध्ये, म्हणजे पुढच्या घटनांच्या निकालावरचे करार विकणाऱ्या-घेणाऱ्या बाजारात, मॅचचा करार घ्यावा की पहिल्या सेटचा, यावर तो अडलाय. अंदाज बरोबर ठरला तर दोन्हींत एका कराराचा एक डॉलर मिळतो. ६० सेंट भाव म्हणजे साधारण ६० टक्के शक्यता.

नशिबाचा भाग सेटमध्ये जास्त. एखादा खेळाडू प्रत्येक सेट ६० टक्के वेळा जिंकतो असं धरा. मग तीन सेटांची मॅच तो सुमारे ६५ टक्के आणि पाच सेटांची ६८ टक्के वेळा जिंकेल. पण मॅचमध्ये जीव टांगणीला लागतो. २०२५ च्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये सिनरने पहिले दोन्ही सेट घेतले, चौथ्यात तीन मॅच पॉइंटही (एक गुण घेतला की मॅच खिशात, अशी संधी) मिळवले. जिंकला अल्कराझ, ५ तास २९ मिनिटांनी. पहिल्या सेटवर सिनर घेतलेल्यांचा हिशेब तोवर केव्हाच चुकता झाला होता.

सेटमध्ये गिऱ्हाईक कमी, म्हणून खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत सहसा मोठी. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे: मुद्दाम एक सेट सोडूनही मॅच जिंकता येते, त्यामुळे छोट्या स्पर्धांत गडबडीची भीती सेटवरच जास्त. दुखापतीने माघार घेतली तर काय, हे दोन्हींत आधी नियमांत वाचा.

खेळाडूचा एकूण दर्जा ओळखणाऱ्याने मॅच घ्यावी. कोण सुरुवातीला अडखळतो हे बारकाईने ठाऊक असेल तर मोठ्या स्पर्धेतला पहिला सेट, तोही थोडक्या पैशांत. भारतात बसलेल्यांनी दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर इथे २०२५ च्या कायद्याने बंदी आहे.