अमेरिकेला निघताना: फॉरेक्स कार्ड की झिरो मार्कअप क्रेडिट कार्ड?

मुलाकडे किंवा मुलीकडे न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला चार-सहा महिने राहायला निघालेल्यांसमोर व्हिसा आणि तिकीट झालं की हा प्रश्न उभा राहतो. बँकेत गेलं की फॉरेक्स कार्डाचा, म्हणजे आधीच डॉलर भरून ठेवायच्या कार्डाचा, फॉर्म पुढे येतो. मुलं फोनवर सांगतात, झिरो मार्कअप क्रेडिट कार्ड काढा, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक जादा शुल्क (मार्कअप) घेत नाही असं. चूक दोघांचीही नाही. मी दोन्ही वापरली आहेत आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण तुमचा प्रवास कसा आहे त्यावर बरंच ठरतं.

घरातलं नेहमीचं क्रेडिट कार्ड या तुलनेत धरतच नाही. त्यावर साधारण ३.५ टक्के मार्कअप आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. दोन हजार डॉलरच्या खर्चात जवळपास ८३ डॉलर नुसते शुल्काचे.

दराच्या बाबतीत लोक फार डोकं चालवतात. फॉरेक्स कार्डावर पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का होतो, पुढे रुपया घसरला तरी तुम्हाला झळ नाही. झिरो मार्कअप कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या-त्या दिवसाचा दर लागतो. मात्र फॉरेक्स कार्डाच्या दरात बँकेने आपला नफा आधीच मिसळलेला असतो आणि तो पावतीवर वेगळा दिसत नाही. म्हणून बँकेत "दर काय?" असं विचारू नका. "एक हजार डॉलर लोड करायला कार्ड फी, जीएसटी सगळं धरून खात्यातून किती रुपये जातील?" असं विचारा आणि त्या रकमेला हजाराने भागा. आलेला आकडा गूगलवरच्या दराशी ताडून पाहिला की खरा फरक कळतो. माझ्या अनुभवात रुपया स्थिर असताना झिरो मार्कअप थोडं स्वस्त पडतं, घसरत असताना फॉरेक्स. सहा महिन्यांत कमी-जास्त होऊन ते जवळपास सारखंच होतं, तेव्हा निवड यावर करू नये असं मला वाटतं.

वाटेत थांबा असेल तर एक छोटा फरक पडतो. कार्डात डॉलर आणि कॉफी फ्रँकफर्टला युरोत घेतली, तर फॉरेक्स कार्डावर क्रॉस करन्सी शुल्क बसतं, तेही बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. झिरो मार्कअप कार्डाला चलन कुठलंही चालतं. आणि कार्ड कुठलंही असो, मशीनने रुपये की डॉलर असं विचारलं तर डॉलरच निवडायचे. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो, मग झिरो मार्कअपचाही उपयोग उरत नाही. परदेशातल्या रुपयांतल्या व्यवहारावर काही भारतीय बँका वरून वेगळं शुल्क घेतात ते निराळंच.

माझ्यापुरता निकाल होल्डने लावला

फॉरेक्स कार्ड हे प्रीपेड कार्ड आहे. हॉटेलसारख्यांनी बिलाआधीच हमी म्हणून त्यातली रक्कम अडकवून ठेवली, म्हणजे होल्ड केली, की ते तुमचे खरे पैसे अडकलेले असतात. क्रेडिट कार्डावर होल्ड आला तर फक्त लिमिट कमी दिसतं, खिशातून काही गेलेलं नसतं. हा फरक मुंबईत बसून किरकोळ वाटतो. हॉटेलच्या काउंटरवर तो डोकेदुखी होतो.

एक हिशेब मांडतो. कार्डात १,५०० डॉलर आहेत. नायगाऱ्याला तीन रात्री, खोली १८० डॉलर रोज. चेक-इनच्या वेळी हॉटेल खोलीचे ५४० आणि अनामत म्हणून रोजचे ५० प्रमाणे १५०, असे ६९० डॉलर होल्ड करतं. निघताना करासकट बिल झालं ६१० डॉलर. नियमाने हॉटेलने त्याच होल्डमधून ६१० घेऊन उरलेले ८० सोडायचे असतात. पुष्कळदा काउंटरवरचा माणूस जुना होल्ड तसाच ठेवून ६१० डॉलरचा नवा व्यवहार करतो. मग कार्डात वापरायला उरतात २०० डॉलर. ६९० चा होल्ड आपोआप सुटायला आठवडा-दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बँकेला फोन केला की ती म्हणते, हॉटेलने सोडलं पाहिजे. हॉटेल म्हणतं, आम्ही सोडलं, आता बँकेकडून यायचंय. पैसे कुणी खाल्लेले नसतात, पण तुमच्या हातातही नसतात. आणि अशा वेळी पुढचं हॉटेल ऑर्लँडोचं असतं.

असं झालंच तर हॉटेलकडून त्या होल्डचा ऑथोरायझेशन कोड (मंजुरीचा नंबर) आणि तो रद्द केल्याचं ईमेलवर लेखी घ्या आणि दोन्ही बँकेला पाठवा. नुसत्या फोनपेक्षा हे लवकर मार्गी लागतं. आधीच टाळायचं असेल तर चेक-इनला क्रेडिट कार्ड द्या आणि शेवटचं बिल हवं तर फॉरेक्स कार्डावर भरा. हॉटेलांना याची सवय असते.

पेट्रोल पंपावरही हेच. पंपालाच कार्ड लावलं की चाळीस डॉलरच्या पेट्रोलसाठी शंभरच्या वर होल्ड पडू शकतो. शिवाय मशीन झिप कोड (तिथला पिनकोड) मागतं आणि भारतीय कार्डाला तो जुळत नाही. आत जाऊन पंपाचा नंबर आणि रक्कम सांगून आधी पैसे भरले की दोन्ही कटकटी टळतात. भाड्याच्या गाडीला तर बऱ्याच कंपन्या प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. रेस्टॉरंटमध्ये आधी ६० डॉलरची मंजुरी जाते, तुम्ही पावतीवर १२ डॉलर टिप लिहिता आणि दोन दिवसांनी ७२ वळते होतात. फॉरेक्स कार्डातली शिल्लक काठावर असेल तर घोळ इथेही होतो.

म्हणून मी झिरो मार्कअप क्रेडिट कार्ड मुख्य धरतो आणि फॉरेक्स कार्ड जोडीला. पण सगळा मुक्काम मुलाच्या घरी, हॉटेल आणि गाडी त्याच्या नावावर, आपला खर्च फक्त कॉस्टको आणि मॉलमधला असा बेत असेल, तर फॉरेक्स कार्ड एकटं पुरतं. खर्चाला आपोआप मर्यादा राहते आणि कार्ड हरवलं तर नुकसान शिलकीपुरतंच. हा त्याचा मोठा गुण आहे.

क्रेडिट कार्डाच्या अडचणीही सांगायला हव्यात. निवृत्त माणसाला पगाराची स्लिप नसल्याने कार्ड बऱ्याचदा नाकारलं जातं. बऱ्याच बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. त्यातलं मार्कअप नसलेलं निवडा आणि अर्ज निघण्याच्या दीड-दोन महिने आधी करा. बिलाची तारीख तुम्ही तिकडे असतानाच येणार, तेव्हा बचत खात्यातून पूर्ण रकमेचा ऑटो डेबिट लावून जा. 'किमान रक्कम' चुकूनही निवडू नका. या कार्डाने एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, कारण शुल्क लागतंच आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. रोख काढायची तर फॉरेक्स कार्डाने. त्यातही दर वेळी तुमच्या बँकेचे दोनेक डॉलर आणि तिथल्या एटीएमचे तीन ते पाच डॉलर जातात, म्हणून एकदाच दोन-तीनशे काढावेत.

टीसीएसचं (बँक व्यवहाराच्या वेळीच गोळा करते तो आयकर) थोडक्यात: फॉरेक्स कार्डावर भरलेली रक्कम एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, मोजली जाते आणि एका पॅनवर वर्षात १० लाख ओलांडले की टीसीएस लागतो. मुलांची फी त्याच पॅनवरून पाठवत असाल तर ती बेरजेत धरा. परदेशात प्रत्यक्ष केलेला क्रेडिट कार्डाचा खर्च सध्या यात मोजत नाहीत.

रोख डॉलर एका प्रवासाला ३,००० पर्यंत नेता येतात, पण माणशी ३०० भरपूर झाले. विकत घेतानाच १, ५, १० आणि २० च्या नोटा मागून घ्या. शंभराची नोट लहान दुकानात घेत नाहीत, आणि विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्याला द्यायला पाच-दहाची नोट हाताशी लागते. परतल्यावर टॅक्सीला लागतील म्हणून दोन-तीन हजार रुपये पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. दोन्ही कार्डं मात्र एका पाकिटात नकोत.

किल्ली फोनमध्ये आहे

कार्डाचा परदेशी वापर सुरुवातीला बंद असतो. अॅपमध्ये दुकान, ऑनलाइन, एटीएम आणि टॅप यांची बटणं वेगवेगळी असतात. ती मुंबईतच चालू करून ठेवा, कारण तिकडे गेल्यावर या कामाला ओटीपी लागतो आणि तो भारतीय नंबरवर येतो. त्या सिमचं रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद आणि रिचार्जची मुदत पूर्ण मुक्कामाला पुरेल इतकी हवी. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला पडतात. इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम) घ्या. मुलाने अमेरिकेतून पाठवलेला आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल तर त्यात सिमची खाचच नसते. भारतीय सिम आधीच ई-सिम करून घ्यावं लागतं, आणि हे लोकांना फार उशिरा कळतं.

फोन बंद पडला की कार्डही निम्मं बंद. त्यामुळे पंधरा-सोळा तासांच्या विमानात चार्जिंग हा पैशाचाच भाग समजा. इथे निवड १० हजार की २० हजार एमएएचची (बॅटरीच्या क्षमतेचं माप) पॉवर बँक, अशी असते. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की वॅट-अवर निघतात: १० हजाराचे ३७, २० हजाराचे ७४. विमानात न्यायची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची नेताच येत नाही. हा आकडा पॉवर बँकेवर छापलेला वाचता आला पाहिजे, पुसला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. दोन्ही नियमात बसतात, पण मी १० हजारचीच सुचवेन. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली, त्यानंतर नियम कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली. म्हणजे अशा कंपन्यांच्या प्रवासात ती फक्त विमानतळावर कामी येणार. मग दुप्पट वजन कशाला?

विमानात सीटचाच सॉकेट वापरा. जुन्या यूएसबी खाचा फार मंद असतात, पॉवर सॉकेट असेल तर स्वतःचा चार्जर लावा. फ्लाइट मोड चालू आणि ब्राइटनेस निम्मा असला की एरवीही फोन बराच टिकतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नाही. केबिन बॅग ऐनवेळी दारातून खाली सामानात घेतली तर पॉवर बँक, पैसे, औषधं आधी बाहेर काढा. त्यासाठी हे सगळं एका वेगळ्या छोट्या पाऊचमध्ये असलेलं बरं. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, हवाईसुंदरीला बोलवा. सीटच्या यंत्रणेत चिरडलेली बॅटरी पेट घेते.

तिकडे वीज १२० व्होल्ट आणि पिना चपट्या. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यांना नुसता अॅडॉप्टर चालतो. मिक्सर, किटली नेऊ नका, २३० व्होल्टचं यंत्र तिथे नीट चालत नाही. लॅपटॉपच्या जाड तीन पिनांच्या वायरीला अॅडॉप्टर लावला की तो भिंतीतून वजनाने ओघळतो. त्याऐवजी चार्जरच्या ठोकळ्यात बसणारी तिथलीच वायर घ्यावी. मुलाच्या घरात एखादी पडलेली असतेच. निघण्याआधी ठोकळ्याच्या खाचेचा फोटो त्याला पाठवा, तो शोधून ठेवेल.