क्रोशाचं किट : निम्म्या सुया वाया, दोरा बरा, वेळ मात्र झकास गेला

हे किट मी २०२१ च्या पाडव्याच्या जरा आधी ऑनलाइन मागवलेलं, ८९९ ला पडलं, आणि नशीब बघा, पार्सल हातात पडलं आणि १४ एप्रिलला रात्री ८ पासून कोरोनामुळे परत सगळं बंद. मग ऑनलाइनवाले पण फक्त अत्यावश्यक तेवढंच आणून द्यायचे आणि लोकर-सुया काय अत्यावश्यकात बसत नव्हत्या (आमच्या घरी विचारलं असतं तर बसवल्या असत्या). सरकार ओरडून सांगत होतं ब्रेक द चेन, म्हणजे संसर्गाची साखळी तोडा, आणि आम्ही डोंबिवलीत दार लावून क्रोशाच्या साखळ्या घालत बसलेलो, हा जोक घरात सगळ्यांनी आपापला स्वतःचा म्हणून मारून झालाय. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण सेम टू सेम किट चार-पाच नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तेच, त्यामुळे रिव्ह्यू किटचा समजा.

पाऊचमध्ये २ एमएम ते ८ एमएम अशा १२ अ‍ॅल्युमिनियमच्या सुया, दहा रंगांच्या दोऱ्याचे छोटे गुंडे, मोठ्या नेढ्याच्या दोन सुया, प्लॅस्टिकचे मार्कर, छोटी कात्री, टेप आणि एक पुस्तिका. दिसायला एकदम भारी. कात्रीने दोरा सोडून काहीही कापता येईल.

सुयांचं सांगते. यातल्या ३, ३.५ आणि ४ या तीनच सुया मी वापरल्या कारण किटमधल्या जाडीच्या दोऱ्याला त्याच लागतात. ६ च्या वरच्यांना एकदम जाड लोकर पाहिजे आणि ती किटमध्ये नाहीच! मग दिल्या कशाला तर "१२ पीस" लिहायला. मुठीला मऊ रबर आहे त्यामुळे बोटं दुखत नाहीत, हे खरंच चांगलं, पण नंबर नुसता छापलाय, कोरलेला नाही, आठवड्याभरात हाताच्या घामाने ३.५ चा ३ झाला आणि मग ३ कुठली नि ३.५ कुठली ते डोळ्यांनी ओळखा. मी मुठीवर नेलपेंटचे ठिपके देऊन ठेवलेत. सांगलीच्या मावशीकडे पोनी कंपनीची स्टीलची सुई आहे, तिच्या लग्नाच्या रुखवताच्या वेळची, तिच्यावरचा नंबर आजही वाचता येतो, एवढंच बोलते.

दोऱ्याच्या लेबलवर मिल्क कॉटन लिहिलंय. मावशीने व्हिडिओ कॉलवरच टोक जाळून बघायला लावलं. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख भुरभुरते, अ‍ॅक्रिलिक (कृत्रिम धागा) असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. आमचा मणी झाला, म्हणजे शुद्ध सुती नाही, मिक्स. त्याने काही बिघडत नाही, मऊ आहे, रंग पण छान, पण या दोऱ्याची गरम भांडी उचलायची फडकी बिलकुल करू नका, अ‍ॅक्रिलिक गॅसजवळ वितळतं आणि हाताला चिकटलं तर महागात पडेल. त्यासाठी शुद्ध सुतीच घ्या. शिवाय लाल गुंड्याचा रंग जातो, आधी पाण्यात बुडवून बघा नाहीतर पांढऱ्यासोबत वापरू नका. आणि दोऱ्याचे पदर सुटतात, सुई मधेच घुसते, नवशिक्याला भयंकर वैताग येतो.

पुस्तिका म्हणजे आनंदीआनंद. इंग्रजी असं की वाचून काही कळत नाही, पण मागच्या दोन पानांवर चिन्हांचे चार्ट आहेत तेच खरं कामाचे, लांबट गोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब (आखूड टाका), टीच्या पोटावर तिरकी रेघ म्हणजे खांब (उंच टाका). एवढं डोक्यात बसलं की नेटवरचा जपानी चार्टसुद्धा वाचता येतो, खरंच.

बाकी शिकवलं मावशीने. समोरासमोर फोन धरला की तिचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो आणि डोक्याचा भुगा होतो, तर तिने फोन तांदळाच्या डब्यावर आडवा ठेवला, अर्धा पुढे काढलेला, वर उलथणं वजनाला, आणि कॅमेऱ्याखाली हात धरले. एकदम वरून दिसायला लागलं, आपलेच हात असल्यासारखं. गोल रुमालाचं गणित तिने तेव्हाच पक्कं करून घेतलं, मुक्या खांबाने सुरुवात सहाने, मग दर फेरीला सहा वाढवायचे, १२, १८, २४. खांबाचा असेल तर सुरुवात १२ ने आणि वाढ पण १२ ची. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. आणि वाटी झाली तर "चावी ठेवायला झाली, उसवू नकोस" असं मावशीचं उत्तर तयार!

केलं काय काय : चहाच्या कपाखालच्या चकत्या, लेकीच्या बार्बीला शाल (बार्बीला एप्रिलमध्ये शाल, असो), एक तोरण जे अजून अर्धंच आहे. पण सगळ्यात हिट झाला मास्कचा पट्टा. साधारण १२-१३ सेंमीची मुक्या खांबाची पट्टी, दोन टोकांना दोन मोठी बटणं, डोक्यामागे धरायची आणि मास्कचं इलॅस्टिक कानाऐवजी बटणांना अडकवायचं. आमच्या मजल्यावर एक सिस्टर राहतात, ड्युटीवरून आल्या की कानामागे लाल वळ असायचे, त्यांना एक करून दाराच्या कडीला अडकवून आले तर दुसऱ्या दिवशी मेसेज, वॉर्डातल्या बाकीच्यांना पण पाहिजेत. मग काय, नवरा जुन्या शर्टांची बटणं काढतोय, लेक रंग ठरवतेय, मी विणतेय, टीव्हीवर आकडे चालू असायचे ते बंद करून रेडिओ लावला घरात. त्या दिवसांत कुणाला न भेटता कुणाच्या तरी उपयोगी पडता येतंय याने घरातला मूडच बदलला, हे मी किटच्या मार्कांत धरत नाही पण धरायला हरकत नसावी.

अजून एक, लेकराबाळांच्या घरात रंगांच्या किटपेक्षा हे बरं पडतं, सांडत नाही, लादी पुसावी लागत नाही, आणि आवडलं नाही तर उसवलं की दोरा परत तसाच, नवं सामान मागवायची गरज नाही. दुकानं बंद असताना याचं महत्त्व कळतं. फक्त लेक ७ वर्षांची आहे, तिला सुई जमेना, ती बोटांनीच साखळी घालते, हॉलपासून बेसिनपर्यंत गेलीये.

५ पैकी ३. एक मार्क कात्रीने घालवला, एक लाल गुंड्याने. आता दुकानं उघडी असतील तर हे किट घेऊच नका, ३.५ ची एक चांगली सुई आणि सुती दोऱ्याचे दोन गुंडे घ्या, निम्म्याहून कमी पैशात काम होतं. कुणाला भेटच द्यायची असेल तर घ्या, पाऊच दिसतो छान. आणि ६, ६.५, ७, ८ नंबरच्या कोऱ्या सुया कुणाला हव्या असतील तर डोंबिवली ईस्टला येऊन घेऊन जा, फुकट देते.