एक गिटार, दोन अ‍ॅम्प आणि लेहले पी-स्प्लिट

गिटारचा सिग्नल दोन वाटांनी न्यायचा, एका अ‍ॅम्पकडे केवळ ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारे पेडल) ठेवायचा आणि दुसऱ्याकडे डिले (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारे) व रिव्हर्ब (घुमारा देणारे), ही मांडणी मी पुण्यातील आमच्या सरावाच्या खोलीत दोन वर्षे वापरत आहे. तिचा पाया म्हणजे लेहले या जर्मन कंपनीचा पी-स्प्लिट हा सिग्नल दोन अ‍ॅम्पना वाटून देणारा, मुठीत मावेल एवढा डबा. कोरडा, म्हणजे डिले-रिव्हर्ब नसलेला, आवाज एका अ‍ॅम्पमधून अखंड येत राहत असल्यामुळे डिले कितीही वाढवला तरी मूळ सूर बुजत नाही, आणि हे सुख एकदा अनुभवले की एकाच अ‍ॅम्पवर परत जाववत नाही.

त्याआधी मी साधी वाय-केबल, म्हणजे एका टोकाची दोन टोके करणारी केबल, वापरून पाहिली होती. दुसरा अ‍ॅम्प जोडताच खोलीभर घरघर सुरू होई. दोन्ही अ‍ॅम्प थ्री-पिन प्लगमधून अर्थिंगला जोडलेले असतात आणि केबलच्या बाहेरच्या जाळीमुळे ते एकमेकांनाही जोडले जातात. असे बंद वर्तुळ तयार झाले की विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतले सूर सिग्नलमध्ये शिरतात. एका प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला मला तेव्हा मिळाला होता. तो कोणीही मानू नये, कारण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांपर्यंत पोहोचू शकते आणि वाजवणाऱ्याची बोटे त्याच तारांवर असतात.

पी-स्प्लिटचे एक आउटपुट थेट आहे आणि दुसरे ट्रान्सफॉर्मरमधून येते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून जातो, तारेतून नाही, म्हणून अर्थिंगचे वर्तुळ तोडता येते आणि प्लगला हात लावावा लागत नाही. पहिल्या संध्याकाळी दोन्ही अ‍ॅम्प चालू करून मी गिटारचा आवाज शून्यावर नेला, घरघर नीट ऐकली आणि डब्यावरचा ग्राउंडचा, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडणारा, स्विच सरकवला. त्या क्षणी छताच्या पंख्याची फरफर ऐकू आली.

फेजचा, म्हणजे एका वाटेवरचा सिग्नल उलट-सुलट करणारा, स्विच मात्र कानाने लावावा लागतो. काही अ‍ॅम्प सिग्नल उलटा करतात, आणि असा अ‍ॅम्प सुलट अ‍ॅम्पशेजारी ठेवला की दोन्ही मिळून आवाज भरण्याऐवजी पोकळ होतो. मी सर्वांत जाड तार, म्हणजे सुमारे 82 हर्ट्झचा ई, मोकळी छेडतो आणि स्विच दोन्हीकडे करून पाहतो. ज्या बाजूला छातीत आवाज भरतो ती बाजू बरोबर. एका वाटेवरच्या डिजिटल पेडलमुळे सिग्नल किंचित उशिरा पोहोचत असेल, तर हा स्विच तो दोष दूर करू शकत नाही. तेव्हा अ‍ॅम्प एकमेकांपासून दूर ठेवणे बरे.

डब्याला वीज लागत नाही, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. प्रत्येकी 1 मेगाओमचे दोन अ‍ॅम्प समांतर जोडल्यावर पिकअपला (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या गिटारवरच्या भागाला) निम्माच, म्हणजे 500 किलोओमचा रोध दिसतो, आणि लांब केबलची भर पडली की वरचे सूर मंदावतात. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपवर हा फरक मला स्पष्ट जाणवला. आधी बफर (सिग्नल पुढच्या भारापासून जपणारे सर्किट) असलेले एखादे पेडल लावल्यास तो जवळजवळ नाहीसा होतो. या डब्यावर पायाने दाबायचा स्विचही नाही, त्यामुळे गाण्याच्या मध्येच वाट बदलायची असेल तर हे साधन उपयोगाचे नाही. त्या कामासाठी 1991 पासून मिळणारे बॉस कंपनीचे एलएस-2 हे पेडल अधिक सोयीचे आहे. बफर आणि दोन वाटांसाठी वेगवेगळी लेव्हलची बटणे त्यात आहेत, मात्र ट्रान्सफॉर्मर नाही.

माझी जोडणी सध्या अशी आहे: गिटारनंतर वाह (पायाने हलवून सुराचा पोत बदलणारे पेडल), मग बफर असलेला ट्यूनर, त्यानंतर पी-स्प्लिट, थेट आउटपुटवर ओव्हरड्राइव्ह आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, तर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला डिले, रिव्हर्ब आणि स्वच्छ आवाजाचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प.